वजन घटवण्याची हमी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

‘हमखास वजन घटवा’ अशा जाहिरातींना भुलून पैसे गेलेल्या वाचकांनी आपले अनुभव कळवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्याला आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची, सेंटरांची आणि उत्पादनांची नावे गाळली आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट ‘चूक माझीच असेल’ अशा अर्थाच्या वाक्याने होतो, आणि मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते या वाक्याने. म्हणून पहिल्याच पत्राला थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे वय ४३, वजन ७८ किलो. शहरातल्या एका स्लिमिंग सेंटरचे ‘६० दिवसांत १० किलो, लेखी हमी’ असे ६५,००० रुपयांचे पॅकेज मी घेतले. त्यातली बरीचशी रक्कम हप्त्यांवर आहे. पहिल्या तीन आठवड्यांत ४ किलो वजन उतरले, त्यानंतर मात्र काटा हलेना. भाच्याच्या लग्नात दोन दिवस घरच्यासारखी जेवले, तर दीड किलो परत वाढले. ‘तुम्ही पथ्य मोडले, म्हणून हमी रद्द’ असे सेंटरने सांगितले. पैसे परत मागितले तर करारातला ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द दाखवतात. चूक खरोखर माझी आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही, चूक तुमची नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. तुम्ही पत्रात दिलेल्या आकड्यांवरूनच ते सिद्ध करता येते.

आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो. प्रौढ माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात, पोळी, भाकरी एकदम बंद केली की पहिल्या काही दिवसांत हा साठा उतरतो, त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते आणि मीठ कमी झाल्याने आणखी थोडे पाणी जाते. चरबीला धक्काही न लागता काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो.

आता तुमच्या चार किलोंचा हिशेब करू. एक किलो चरबी उतरण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. तुमचे वय, वजन आणि बैठे काम लक्षात घेता तुमचा रोजचा खर्च १,८०० कॅलरींच्या आसपास असेल. सेंटरचा जो आहारतक्ता तुम्ही पत्रासोबत पाठवला आहे, तो सुमारे १,००० कॅलरींचा आहे. म्हणजे रोजची तूट ८०० आणि २१ दिवसांची १६,८००. त्यातून चरबी उतरते सव्वादोन किलोंच्या आत. उरलेले पावणेदोन किलो म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखरेचा साठा. लग्नात तुम्ही दोन दिवस नेहमीसारखे जेवलात तेव्हा तोच साठा पुन्हा भरला आणि दीड किलो परत आले. हे शरीराचे रोजचे, निरोगी काम आहे. त्याला पथ्य मोडणे म्हणता येणार नाही.

हाच हिशेब हमीला लावून पाहा. ६० दिवसांत १० किलो चरबी घटवायची तर रोज जवळजवळ १,३०० कॅलरींची तूट हवी. तुमचा एकूण खर्चच १,८०० असताना तुम्हाला दोन महिने दिवसाकाठी ५०० कॅलरींवर काढावे लागले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेली आहार मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की वजन घटवण्याचा आहारही रोज १,००० कॅलरींपेक्षा कमी नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो घट ही सुरक्षित समजावी. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला हमी दिली गेली, त्याच दिवशी ती सुरक्षितपणे पाळणे कोणालाही शक्य नव्हते. पहिल्या तीन आठवड्यांतला पाण्याचा उतार आपल्या उपचाराच्या खात्यावर जमा करायचा आणि पुढची अडचण ग्राहकाच्या खात्यावर टाकायची, अशी या धंद्याची रचना आहे. तुमच्यासारख्या शेकडो स्त्रिया ‘माझ्यातच जिद्द नाही’ असे समजून गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे हाच या व्यवहाराचा खरा आधार आहे.

तुमचे ‘वजनाचे कार्ड’ही मी नीट पाहिले. पहिली नोंद सायंकाळी ६ वाजता, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर आणि बाहेरच्या कपड्यांत घेतली आहे, आणि पुढच्या सर्व नोंदी सकाळी ८ वाजता, ‘उपाशीपोटी’ अशा शेऱ्यासह आहेत. एकाच माणसाच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वजनात एक किलोचा फरक सहज पडतो. कमरेच्या मापाबाबतही तेच घडते. टेप किती घट्ट ओढायची हे मापणाऱ्याच्या हातात असते. हे कार्ड जपून ठेवा, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

आता पैशांविषयी. करारात ‘नॉन-रिफंडेबल’ असे छापले म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र संकल्पना आहे, आणि न पाळता येणारे आश्वासन देऊन सेवा विकणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. प्रथम सेंटरला लेखी नोटीस द्या, ती स्पीड पोस्टाने व ईमेलने पाठवा, रक्कम नेमकी लिहा आणि १५ दिवसांची मुदत द्या. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे याच टप्प्यावर मिटतात. तेथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही जेथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. पावती, करार, जाहिरातीचे छायाचित्र, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ते कार्ड, इतके कागद जोडा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था तक्रारीचा मसुदा करण्यास मार्गदर्शन करतात.

एक सावधगिरी बाळगा. तुमचे हप्ते सेंटरला जात नसून एका वित्त कंपनीला जातात, म्हणजे ते तुमच्या नावावरचे स्वतंत्र कर्ज आहे. रागाच्या भरात हप्ते थांबवलेत तर सेंटरचे काही बिघडणार नाही, पण तुमची पतनोंद खराब होईल. सेवा मिळाली नसल्याचे वित्त कंपनीलाही लेखी कळवा आणि तिने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. असे पॅकेज घेणाऱ्या इतर वाचकांनीही लक्षात ठेवावे की ‘विनाव्याज हप्ते’ या शब्दांमागे बहुधा कर्जच असते, आणि काउंटरवर घाईघाईने घेतलेली तुमची सही त्याच कर्जावर असते.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका वहिनींनी वेलनेस सेंटर सुरू केले आहे. सकाळी तिथे एका यंत्रावर उभे केले आणि ‘तुमचे वय ४१ असले तरी शरीराचे वय ५८ आहे’ असे सांगितले. मी घाबरून दोन वेळचे जेवण सोडले आणि त्याऐवजी त्यांच्याकडच्या डब्यातली पावडर घुसळून केलेले पेय, म्हणजे ‘शेक’, सुरू केले. महिन्याला आठ-नऊ हजार खर्च होतो. आता त्या म्हणतात, ‘तुम्हीच कोच व्हा, शेक फुकट पडेल.’ माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे; शेक घेतल्यावर गोळ्या बंद करायला हरकत नाही, असेही वहिनींनी सांगितले.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते तातडीचे आहे. सासूबाईंच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तसेच गोळ्या पूर्वीच्याच प्रमाणात चालू ठेवून जेवणाऐवजी शेकही देऊ नका, कारण काही गोळ्यांनी अशा वेळी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते आणि वयस्कर माणसाला घेरी येऊन पडायला तेवढे पुरते. दोन्हींपैकी काहीही बदलायचे असेल तर डॉक्टरांसमोर बदला.

ते यंत्र तळपायांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडते, त्याला किती अडथळा झाला ते मोजते, त्यावरून शरीरातील पाण्याचा अंदाज बांधते आणि पाण्यावरून चरबीचा. म्हणजे अंदाजावरून केलेला हा अंदाज आहे. तुम्ही पाणी किती प्यायलात, जेवून किती वेळ झाला, पाळीचे दिवस आहेत का, तळवे कोरडे आहेत की ओलसर, या सगळ्याने आकडा बदलतो. ‘शरीराचे वय’ तर यंत्राच्या निर्मात्याने ठरवलेल्या सूत्रातून निघते आणि कोणताही डॉक्टर त्यावरून निदान करत नाही. त्यापेक्षा घरी एक साधी टेप घ्या. पोटाचा घेर स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हे भारतीयांसाठी मान्य झालेले धोक्याचे माप आहे. त्याच्या जोडीला रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घेतली तर त्या यंत्राच्या कागदापेक्षा कितीतरी उपयोगी माहिती हाती येते.

शेकने वजन उतरते का? काही काळ उतरते, कारण दोन वेळचे जेवण गेले. त्या डब्यात यापेक्षा वेगळी करामत नाही. डाळ, उसळ, अंडी, ताक यांतून तेवढीच प्रथिने याच्या लहानशा अंशाइतक्या खर्चात मिळतात आणि घरातल्या चौघांबरोबर बसून जेवताही येते. शेक सोडल्यावर वजन परत येते. मग ‘सोडलात म्हणून वाढले’ असे सांगून तो आयुष्यभर विकला जातो. अशा अन्नपूरकांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहिणे नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या डब्यावर ते इंग्रजीत असेल, शोधून वहिनींना दाखवा. मधुमेहाच्या गोळ्यांची जागा तो डबा घेऊ शकत नाही, हे त्याच्या निर्मात्यानेच त्यावर छापलेले असते.

कोच होण्याबाबत, म्हणजे हेच डबे इतरांना विकण्याबाबत, माझे मत स्पष्ट आहे : होऊ नका. अशा थेट विक्रीसाठी, म्हणजे दुकानाशिवाय ओळखीतून माल विकण्यासाठी, केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार विक्रेत्याकडून प्रवेश किंवा नोंदणी शुल्क घेता येत नाही, विकला जाण्याची शक्यता नसलेला माल गळ्यात मारता येत नाही आणि केवळ माणसे जोडल्याबद्दल मोबदला देणारी साखळी चालवण्यास बंदी आहे. व्यवहारात ही सक्ती ‘अमुक पातळी गाठायची तर एवढा माल उचला’ अशा गोड भाषेत होते. नव्या कोचची पहिली गिऱ्हाईके म्हणजे बहीण, जाऊ, भिशीतल्या मैत्रिणी. पैसे गेले तर ते कष्टाने पुन्हा उभे करता येतात. ज्यांना आपण भरवशाने डबे विकले त्यांच्याशी बिघडलेले संबंध मात्र पुन्हा जुळताना मी फारसे पाहिले नाहीत. त्या वहिनींविषयीही मनात राग धरू नका, त्यांनीही बहुधा घरचे सोने मोडून पहिला माल घेतला असेल.

प्रश्न : ऑनलाइन ‘गार्सिनिया’ आणि ‘ग्रीन कॉफी’ अशी दोन्ही कॅप्सूल एकत्र मिळतात. गार्सिनिया म्हणजे आपले कोकमच असे समजले. आमच्याकडे परसात कोकमाची झाडे आहेत. मग हे निर्धोक आणि गुणकारी मानायला हरकत काय?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : कोकम त्याच कुळातले आहे, हे खरे. कॅप्सूलमध्ये बहुधा वापरतात ते त्याचे दक्षिणेकडील भावंड, ज्याचे आंबट फळ केरळात माशाच्या कालवणात घालतात. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते, आणि चरबी तयार होण्याच्या क्रियेला ते अडवते असे प्रयोगशाळेत दिसल्यामुळे या गोळ्यांचा बोलबाला झाला. माणसांवर त्याची नीट परीक्षा १९९८ साली झाली. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १३५ जणांना १२ आठवडे, काहींना हा अर्क आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या; कोणाला काय मिळते आहे हे सहभागींना ठाऊक नव्हते. अर्क घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो वजन उतरले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. आहार दोन्ही गटांना सारखाच कमी दिला होता; जे काही घडले ते आहाराने घडले. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. सोलकढीत किंवा आमटीत पडणारे आमसूल आणि दिवसातून तीनदा पोटात जाणारा सालीचा संहत अर्क यांत मात्रेचा मोठा फरक आहे. परसातल्या कोकमांचे सरबत करा, आगळ करा. त्यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या डबीला मात्र त्यांची पुण्याई देऊ नका.

ग्रीन कॉफीची हकिगत आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तिचे मूळ संशोधन भारतात झाले. एका अमेरिकन कंपनीने आपल्या अर्काची परीक्षा घेण्यासाठी भारतातील संशोधकांना पैसे दिले. १६ जणांवर झालेल्या या प्रयोगाचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि २२ आठवड्यांत सरासरी ८ किलो वजन उतरल्याचा दावा त्यात होता. अमेरिकेतील एका अतिलोकप्रिय डॉक्टरांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही ग्रीन कॉफी घरोघरी पोचवली. त्यानंतर फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने चौकशी केली. प्रमुख संशोधकाने सहभागींची वजने वारंवार बदलली, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि खरा अर्क कोणाला व निष्क्रिय गोळी कोणाला दिली याचीही अदलाबदल केली, असे आरोप तिने ठेवले. कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि पुढच्याच महिन्यात तो निबंध मागे घेण्यात आला. म्हणजे ज्या कागदावर हा बाजार उभा राहिला तो कागदच रद्द झाला, तरी आपल्याकडे डब्या विकल्या जातच आहेत. ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचलेत की किती माणसांवर, किती दिवस आणि कोणाच्या पैशांनी हे संशोधन झाले, असे अवश्य विचारा.

प्रश्न : पोटाला बांधायचा घामाचा पट्टा आणि थरथरणारे यंत्र यांनी पोट कमी होते का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : होत नाही. पट्ट्याने घाम येतो, घामाबरोबर पाणी जाते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर ते परत येते. पोटावर उष्णता दिली म्हणून पोटाची चरबी वितळत नाही. ती कुठून आधी उतरायची हे शरीर ठरवते. यंत्राने त्वचा हलते, पण स्नायूंना काम पडत नाही. पोटात विजेचे झटके देणाऱ्या अशाच पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेत २००२ सालीच खोट्या जाहिरातींबद्दल कारवाई झाली होती. तुमच्या अकोल्याच्या उन्हाळ्यात असा पट्टा बांधून चालायला जाणे मात्र निश्चित धोक्याचे आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे त्यांना भाजल्याचेही कळत नाही.

प्रश्न : वय २६. मोबाइलवरच्या जाहिरातीवरून ‘१०० टक्के आयुर्वेदिक’ पावडर कुरिअरने मागवली. महिन्यात ६ किलो वजन कमी झाले, भूक जवळजवळ लागतच नाही. मात्र तोंड सारखे कोरडे पडते, रात्री झोप येत नाही आणि जिना चढताना छातीत धडधडते. विक्रेता म्हणतो, ‘शरीर शुद्ध होत आहे, घाबरू नका.’ दुसरी डबी मागवू का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दुसरी डबी मागवू नका आणि पहिलीतली पावडर आजपासून घेऊ नका. हा अंक हातात पडेल त्या दिवशीच डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजा आणि ईसीजी काढा. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.

या पत्रमालेत गुण आल्याचे सांगणारे तुमचे हे एकच पत्र आहे, आणि नेमके म्हणूनच मला त्याची सर्वांत अधिक काळजी वाटते. कोरडे तोंड, उडालेली झोप, मेलेली भूक आणि धडधड ही लक्षणे एकत्र आली की मनात पहिली शंका येते ती सिब्युट्रामाइन या औषधाच्या भेसळीची. भूक मारणारे हे औषध एकेकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. ते नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १०,००० जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यामुळे २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते मागे घेण्यात आले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. तेव्हापासून जगभरातील औषध नियंत्रकांना ते ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये, पावडरीत आणि कॉफीत पुन्हा पुन्हा सापडले आहे. डबीवर त्याचे नाव नसते. ते किती प्रमाणात मिसळले आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि बनवणाऱ्यानेही ते काटेकोर मोजलेले असेल अशी खात्री नसते. तुमच्या पावडरीत तेच आहे असे मी पत्रावरून सांगू शकत नाही. थायरॉइडचे संप्रेरक किंवा दुसरे उत्तेजक द्रव्यही असू शकते. मात्र ‘शुद्धी’ने छातीत धडधडत नाही, हे मी खात्रीने सांगते.

डबी आणि उरलेली पावडर टाकून देऊ नका. कुरिअरचे वेष्टन, पैसे भरल्याची नोंद आणि जाहिरातीचे छायाचित्र यांच्यासह ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेले औषध ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हा हक्क फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. शिवाय १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टातील आजारांत लठ्ठपणाही आहे. औषधाने तो बरा होतो अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे आणि पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही पाहिलेली जाहिरात या कायद्याला सत्तर वर्षे होऊन गेल्यानंतर तुमच्या मोबाइलवर दिसली. अंमलबजावणी किती ढिली आहे हे त्यावरून कळते, आणि ती सुधारायची तर तक्रारी नोंदल्या गेल्याच पाहिजेत.

प्रश्न : जिममधला एक ट्रेनर वजन घटवण्याचे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय, अर्ध्या किमतीत आणून देतो म्हणतो. ही इंजेक्शनेही फसवीच का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : औषध खरे आहे, तुम्हाला मिळणारी कुपी खरी असेल याची खात्री मात्र नाही. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या परीक्षेत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, हेही त्याच संशोधकांनी प्रसिद्ध केले आहे. म्हणजे हा दोन महिन्यांचा ‘कोर्स’ नव्हे, दीर्घकाळ चालणारा उपचार आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता तर होतेच, शिवाय पित्ताशयात खडे किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो, आणि घराण्यात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असल्यास ते देत नाहीत. म्हणूनच ते चिठ्ठीवर मिळते. या औषधाच्या बनावट कुप्या ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये दिला होता. अस्सल कुपीसुद्धा थंडाव्यात ठेवावी लागते. ट्रेनरच्या बॅगेत ती कशी राहिली हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्हाला खरोखर गरज असेल तर फिजिशियन किंवा अंतःस्रावतज्ज्ञांकडे जा, परवानाधारक दुकानातून घ्या आणि बिल मागा. त्या ट्रेनरला नम्रपणे पण ठाम नकार द्या.

प्रश्न : वर्षापूर्वी एका सेंटरने माझे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो काढले. माझे वजन केव्हाच परत वाढले आहे, तरी तो फोटो अजून त्यांच्या फलकावर आणि इन्स्टाग्रामवर आहे. ओळखीचे लोक मला विचारून तिथे पैसे भरतात आणि मला अपराधी वाटते. फोटो काढायला लावता येईल का?
— एक वाचिका, पणजी

उत्तर : येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार जाहिरातीतली शिफारस ही त्या व्यक्तीचे खरे आणि सध्याचे मत असले पाहिजे. तुमचे मत आता ते नाही, असे सेंटरला लेखी कळवा, फोटो वापरण्याची दिलेली संमती मागे घ्या आणि सात दिवसांत फलक व समाजमाध्यमांवरून तो उतरवण्यास सांगा. ‘खाली बारीक अक्षरांत निकाल व्यक्तीनुसार बदलतात असे लिहिले आहे’ असा बचाव ते करतील. मुख्य दाव्यातली दिशाभूल अशा तळटीपेने दुरुस्त करता येत नाही, असे हीच तत्त्वे सांगतात. त्यांनी ऐकले नाही तर प्राधिकरणाकडे तक्रार करा. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे, आणि २०२५ साली त्याने चरबी व वजन घटवण्याच्या उपचारांच्या फसव्या जाहिरातींबद्दल दोन नामवंत कंपन्यांना प्रत्येकी ३ लाखांचा दंड केलाही आहे. चरबी गोठवणारे यंत्र अमेरिकी औषध प्रशासनाने ठरावीक भागांवरच्या चरबीसाठी मान्य केलेले असताना ते वजन घटवण्याच्या उपचारासारखे विकले गेले, असा त्यात आक्षेप होता.

तोवर जे ओळखीचे तुम्हाला विचारतात त्यांना आजचे वजन सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि फलकावरून मिळणार नाही अशी माहिती त्यांना तुमच्याकडून मिळेल. फोटो उतरला की नाही ते मला अवश्य कळवा. न उतरल्यास प्राधिकरणाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा पाहून देईन.